अंगणातली जुनी पिकअप: भंगार की भांडवल?



आपल्या कार्यक्रमात शेवयांचं पॅकिंग, शेळ्यांचं लसीकरण, बँकेची कागदपत्रं असे विषय नेहमी होतात. आजचा विषय जरा वेगळा आहे. घरासमोर वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची का, आणायची तर कशी, आणि आणल्यावर तिला धड कशी ठेवायची, यावर आज बोलायचं आहे. आमच्या गटातल्या अकरा जणी हाताला ग्रीस लावून, गाठीचे पैसे घालून आणि एकदा चांगलाच झटका खाऊन जे शिकलो, तेच सांगतो.

आमच्या गटातल्या आक्कांच्या अंगणात निंबाखाली एक पिकअप उभी होती. जीपच्या तोंडाची, मागे लोखंडी हौदा, डिझेल इंजिन, १९९६ सालची. आक्कांचे मालक होते तोवर ती रोज बाजाराला जायची. ते गेले आणि गाडी जागेवर बसली. सहा वर्षांत चारही टायर जमिनीला टेकले, सीटमध्ये उंदरांनी घर केलं, हौद्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. एक दिवस भंगारवाला आला आणि २८,००० रुपये देतो म्हणाला. आक्का बैठकीत म्हणाल्या, "पैशाची नड आहे, पण गाडी मोडायला जीव होत नाही. तुम्हीच सांगा काय करू."

त्या वेळी आमचा गट दर मंगळवारी भाजी, मिरचीपूड आणि शेवया घेऊन तालुक्याच्या बाजाराला जायचा. भाड्याच्या टेम्पोला एका खेपेचे १,४०० रुपये जायचे. म्हणून सगळ्यांच्या मनात एकच आलं: गाडी दुरुस्त करू. गटाने आक्कांना अंतर्गत कर्ज द्यायचं आणि भाडं त्यांनाच द्यायचं, असा ठराव झाला.

आमची चूक आधी ऐका

ठराव भाद्रपदात झाला आणि सगळ्यांनी मनात धरलं की दसऱ्याला गाडीची पूजा झालीच पाहिजे. घाई झाली. मेस्त्रीने इंजिन चालू करून दिलं, ते धडधडलं तेव्हा आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आम्ही उरलेले पैसे रंगावर घातले. निळा रंग, फाळक्यावर गटाचं नाव, झेंडूच्या माळा. ब्रेकचं काम दिवाळीनंतर करू म्हटलं, कारण पेडल दाबलं की गाडी थांबत होती.

खंडेनवमीला आक्कांची धाकटी सून गाडी घेऊन मारुतीच्या देवळाकडे निघाली. तिच्याकडे परवाना आहे, हात चांगला आहे. मागे हौद्यात आमच्या दोघी जणी हौसेने उभ्या होत्या. ओढ्याच्या उतारावर तिने ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खाली गेलं. जुना रबरी ब्रेकपाइप फुटला होता. पोरीने डोकं शांत ठेवलं, गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी बाजूच्या नांगरलेल्या रानात घातली. ढेकळांत गाडी रुतून थांबली. कुणाला लागलं नाही. पण त्या रात्री आम्हाला कुणालाच झोप लागली नाही. गाडीचा फिटनेस झालेला नव्हता, विमा नव्हता, आणि मागे दोन माणसं होती. काही झालं असतं, तर दोन घरं आणि आमचा गट, तिन्ही बुडाले असते.

दुसऱ्या दिवशी तातडीची बैठक झाली. इतिवृत्तात आम्ही कामाचा क्रम लिहिला: आधी हिशेब आणि कागद, मग सांगाडा, मग ब्रेक, मग इंजिन, आणि रंग सगळ्यात शेवटी. आज त्याच क्रमाने सांगतो.

हिशेब: एका बाजारावर गाडी जगत नाही

पाना हातात घेण्याआधी वही घ्या. आमचा दुरुस्तीचा सगळा खर्च ९६,००० रुपयांपर्यंत गेला. त्यात टायर आणि ब्रेक हीच मोठी रक्कम होती.

आता उत्पन्न बघा. एका खेपेचं भाडं १,४०० रुपये. त्यातून डिझेलचे ३५० आणि चालवणारीचे ३०० वजा केले, की हातात राहतात ७५०. वर्षात पन्नास बाजार धरले तर ३७,५०० रुपये. पण विमा, फिटनेस, कर, ऑइल, टायरची झीज असा आमचा वर्षाचा बांधील खर्चच ३५,००० च्या आसपास येतो. म्हणजे वर्षभर राबून उरले २,५००. एवढ्यात कर्ज कधी फिटायचं?

म्हणून आम्ही शेजारच्या दोन गावांतल्या गटांशी बोललो आणि आठवड्याच्या तीन खेपा पक्क्या केल्या. तीन खेपांचे वर्षाला १,१२,५०० रुपये येतात. जादा धावण्याची झीज धरून ५०,००० खर्च गेला, तरी ६२,५०० उरतात. असं असेल तर दीड-दोन वर्षांत कर्ज फिटतं. तुमच्या गावाचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच ठेवा. खेपा पक्क्या नसतील तर भाड्याचा टेम्पो परवडतो, हे मान्य करायला लाजू नका.

कागद: गाडीच्या आधी ते चालू करा

गाडी मयत माणसाच्या नावावर असेल तर वारसाने मृत्यूनंतर ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. आक्कांनी हे केलं नव्हतं. त्या दुःखात कुणाला सुचतं? पण उशीर झाला की दंड आणि हेलपाटे वाढतात. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, गाडीचं नोंदणीपुस्तक आणि इतर वारसांची संमती हे कागद लागतात. ज्यांच्या घरी गाडी मालकांच्या नावावर आहे, त्यांनी आजच नोंदणीत वारस म्हणून नाव लावता येतं का ते विचारून घ्या. जमिनीच्या सातबाऱ्याइतकंच हे महत्त्वाचं आहे.

मालवाहू गाडीला फिटनेस म्हणजे योग्यता प्रमाणपत्र लागतं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी घ्यायचं आणि त्यानंतर दर वर्षी. आपल्या राज्यात जुन्या गाड्यांना पर्यावरण करही आहे. धुराची तपासणी आणि विमा वेगळा. थकलेला कर किती आहे, हे दुरुस्तीला हात घालण्याआधीच काढून घ्या. कधी कधी तो आकडा बघूनच निर्णय होतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, चेसिसवरचा कोरलेला नंबर. गंज काढताना तो घासला गेला किंवा त्यावर रंगाचे थर चढले, तर तपासणीत गाडी अडते. त्या जागेला फक्त हलक्या हाताने साफ करा. दुसरी, हौद्यात माणसं बसवू नका. मालवाहू गाडीच्या विम्यात मालासोबत असलेला मालक किंवा त्याचा माणूस धरला जातो. लग्नाला, जत्रेला, रोजगाराला हौद्यात भरून नेलेल्या बायकांची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नसते, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. आमच्या गाडीच्या फाळक्यावर आता गटाच्या नावाखाली लिहिलंय: "फक्त माल".

गाडी चालवायला मात्र वेगळा मोठा परवाना लागत नाही. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली पुन्हा स्पष्ट केलं आहे. म्हणजे तुमच्या लेकी-सुनांना ही वाट मोकळी आहे.

सांगाडा: मडकं वाजवून घेतो तसा

बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो. चेसिसचं तसंच आहे. छोट्या हातोडीने ठोकत जा. चांगलं लोखंड ठणठण वाजतं, सडलेलं भद्द आवाज देतं. संशय आला तिथे पेचकस टोचून बघा. लोखंड पापडासारखं सुटलं तर खोलवर गंज आहे. पाटे जिथे चेसिसला बसतात त्या जागा, बॅटरीखालची जागा, आणि पायाखालच्या मॅटखालचा पत्रा आधी तपासा. पाणी तिथेच साचतं.

हौद्याचा किंवा मडगार्डचा पत्रा सडला असेल तर तुकडा कापून नवा वेल्ड करता येतो. पण चेसिसच ठिकठिकाणी खाल्लेली असेल तर तिथेच थांबा. अशी गाडी सरकारने नोंदणी दिलेल्या वाहन मोडणी केंद्रात द्या. तिथे जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि नवी गाडी घेताना त्यावर करात सवलत मिळते. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिली आणि नोंदणी रद्द केली नाही, तर कागदावर गाडी तुमच्याच नावावर राहते. उद्या त्या नंबरचा गैरवापर झाला तर पोलीस तुमच्याच दारात येतील.

गाडीखाली जायची वेळ आली तर नुसत्या जॅकवर विसंबू नका. जॅक सरकतो. जाड लाकडी ओंडके किंवा लोखंडी स्टँड लावा. विटा आणि दगड लावू नका, वजनाखाली ते फुटतात. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा. इंजिनचा पंखा पदर ओढून घेतो. धातूची बांगडी बॅटरीच्या दोन टोकांना टेकली तर ठिणगी उडून हात भाजतो, म्हणून बांगड्या आणि मंगळसूत्र डब्यात ठेवूनच काम करा.

ब्रेक: इथे काटकसर नको

ब्रेकचं पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल पाइपांतून चाकाकडे ढकललं जातं. चाकातले छोटे सिलिंडर फाकतात आणि लायनर ड्रमला आतून घट्ट धरतात. या सगळ्या साखळीत रबर आहे: वायसर, टोप्या, लवचिक पाइप. गाडी उभी राहिली की लोखंडाआधी रबर मरतं. बाहेरून पाइप बरा दिसतो आणि आतून चिरलेला असतो. आमचा तसाच होता. हळू दाबलं तेव्हा त्याने दाब सोसला, उतारावर जोरात दाबलं तेव्हा फुटला.

म्हणून वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं ब्रेकमधलं सगळं रबर बदला. सिलिंडरला आतून खड्डे पडले असतील तर सिलिंडरही बदला. जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढून टाका. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. पाणी मिसळलं की ते घाटात तापल्यावर लवकर उकळतं, पाइपात वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. कमी पडलं म्हणून इंजिन ऑइल कधीही ओतू नका, त्याने रबर फुगून सगळे ब्रेक निकामी होतात. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलला जातो, लगेच पाण्याने धुवा.

नवं ऑइल भरल्यावर पाइपांतली हवा काढायची. एकीने पेडल दाबून धरायचं, दुसरीने चाकाजवळचा स्क्रू ढिला करून बुडबुडे जाऊ द्यायचे, स्क्रू आवळायचा, मग पेडल सोडायचं. आधी मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक, म्हणजे मागचं डावं. मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. हे आम्ही स्वतः केलं, पण शेवटची तपासणी जाणत्या मेस्त्रीकडून करून घेतली. तुम्हीही तसंच करा.

ड्रम उघडल्यावर आतली भुकटी फुंकून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. तोंडाला मास्क बांधा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. लेकरं जवळ नकोत.

टायरचंही बघून घ्या. नक्षी चांगली दिसली तरी वय बघा. टायरच्या बाजूला शेवटी चार अंक असतात. ३२१४ असेल तर तो २०१४ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला टायर. उन्हात उभ्या राहिलेल्या टायरला बारीक भेगा पडतात. भरल्या गाडीत तो फुटतो.

इंजिन: झोपलेल्याला दचकवू नका

सहा वर्षं बंद इंजिनाला बॅटरी लावून लगेच चावी फिरवली, तर आत चिकटलेले पिस्टन आणि रिंगा ओरबाडून निघतात. आमच्या मेस्त्रीने सांगितलेली रीत अशी. आधी एअर फिल्टर उघडा, उंदरांनी आणलेलं गवत आणि चिंध्या काढा. कुरतडलेल्या वायरी बघा. मग इंजिनाचे हीटर प्लग काढून प्रत्येक छिद्रातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पुढच्या कप्पीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने, सावकाश फिरवा. अडलं तर जोर लावू नका, आणखी एक-दोन दिवस थांबा. मोकळं फिरलं की जुनं ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. प्लग पुन्हा बसवण्याआधी स्टार्टरने थोडं फिरवून सोडलेलं ऑइल बाहेर पडू द्या. त्या वेळी छिद्रांसमोर तोंड नेऊ नका.

टाकीतलं जुनं डिझेल वापरू नका. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे पाणी तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. टाकी उतरवून धुवा, वाळवा, डिझेल फिल्टर नवा घाला. एवढं केल्यावरही इंजिन धरत नसेल तर बहुतेक वेळा हवा धरलेली असते. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला हवा धरते, ते आपल्यातल्या कितीतरी जणींनी पाहिलंय. इथेही तसंच: फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारत राहायचं, बुडबुडे संपून नुसतं डिझेल आलं की आवळायचं.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. आपल्या भागातल्या पाण्याने अंघोळीच्या बंबाला आतून कसा पांढरा थर धरतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो आणि इंजिन तापतं. कूलंट घाला, त्यात मिसळायला बॅटरीचं शुद्ध पाणी वापरा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. कुकरचं झाकण वाफ असताना उघडण्यासारखंच ते आहे.

बॅटरी काढताना आधी वजा टोक सोडायचं, लावताना ते शेवटी लावायचं. टोकांवर हिरवा-पांढरा थर आला असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून त्याने पुसा, ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. वाळल्यावर थोडं ग्रीस लावा. चार्जिंग उघड्यावर करा, कारण त्या वेळी निघणारा वायू पेट घेतो. जवळ चूल, उदबत्ती, विडी काही नको.

निघालेलं काळं ऑइल कुठे टाकायचं, हा प्रश्न प्रत्येकीला पडतो. ओढ्यात, उकिरड्यात, विहिरीजवळ ओतू नका. ते पाण्यात गेलं की पाणी नासतं. चुलीत घालू नका, त्याचा धूर विषारी असतो. जनावरांच्या जखमेला लावायची पद्धत आहे, तीही सोडा. कॅनमध्ये साठवून टेम्पो गॅरेजला द्या, तिथून ते शुद्धीकरणाला जातं.

गंज आणि रंग

आता कुठे रंगाचा नंबर. तारेच्या ब्रशने आणि पॉलिशपेपरने गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढा. आम्ही पहिल्या वेळी गंजावरच लांबी भरून रंग मारला होता. दोन महिन्यांत फुगे आले आणि खालून गंज वर आला. तो सगळा रंग पुन्हा खरवडावा लागला. गंज काढला की त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात मारा, रात्रीच्या दवाने लोखंड परत लाल होतं. मग लांबी, मग घासणं, मग रंगाचे दोन पातळ हात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका, पाणी लावून घासा आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवू नका.

"हॉट रॉड" करायची का?

आक्कांचा नातू मोबाइलवर अमेरिकेतल्या गाड्या बघतो. तो म्हणाला, "आजी, आपण हिला हॉट रॉड करू. टप कापू, रुंद टायर घालू, मोठं इंजिन बसवू." आम्हीही ते व्हिडिओ बघितले. गोष्ट मजेदार आहे. १९३० नंतरच्या काळात कॅलिफोर्नियातली तरुण पोरं फोर्डच्या जुन्या, स्वस्तातल्या गाड्या घ्यायची, मडगार्ड काढून त्या हलक्या करायची, दमदार इंजिन बसवायची आणि कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर शर्यती लावायची. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या सैनिकांनी हा छंद आणखी वाढवला. जुन्या पिकअपही त्यात आल्या. त्यांचीही सुरुवात घरच्या अंगणात, स्वतःच्या हातानेच झाली होती.

त्याच युद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी विलिस जीप बनली. मुंबईत १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्रा कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास ती जीप आपल्याकडे जोडायला सुरुवात केली. आपल्या खेडोपाडी दिसणाऱ्या जीपच्या तोंडाच्या गाड्यांचं मूळ तिथे आहे. वेगळी चेसिस, पाटे, साधे नटबोल्ट: म्हणूनच या गाड्या गावातला मेस्त्रीही खोलू शकतो.

पण आपल्याकडे हॉट रॉड रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करायला मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली हेच सांगितलं. तसलंच इंजिन बदलायचं तरी आधी परवानगी लागते. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे, पण तीही मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते, आणि अशी गाडी धंद्याला वापरता येत नाही. नातवाला आम्ही डॅशबोर्ड रंगवायला दिला. त्याने तो लाल केला आहे, आणि खरं सांगायचं तर छान दिसतो.

गाडीची पंचसूत्री

आपल्या गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, नोंदी. तशीच आम्ही गाडीची केली. ती चालकाच्या समोर कागदावर चिकटवली आहे.

एक, पाणी: इंजिन थंड असताना रेडिएटरची पातळी रोज बघायची.

दोन, ऑइल: सपाट जागेवर पट्टी काढून, पुसून, पुन्हा घालून इंजिन ऑइल बघायचं. गाडीखाली थेंब पडलेत का तेही.

तीन, ब्रेक: निघण्याआधी पेडल दाबून धरायचं. हळूहळू खाली गेलं तर गाडी निघणार नाही, बाजार बुडाला तरी चालेल.

चार, टायर आणि ग्रीस: दर आठवड्याला हवा, दर महिन्याला पाटे आणि प्रॉपेलर शाफ्टच्या जोडांना ग्रीस.

पाच, नोंद: किलोमीटर, डिझेल, दुरुस्ती, विमा आणि फिटनेस कधी संपतो, हे सगळं वहीत. प्रत्येक खेपेमागे १०० रुपये दुरुस्ती फंडात वेगळे. त्याला कुणी हात लावायचा नाही.

वहीचा उपयोग आम्हाला मागच्या उन्हाळ्यात झाला. डिझेल जादा लागतंय हे वहीत दिसलं. तपासलं तर एका चाकाचा ब्रेक धरून राहत होता, ड्रम तापत होता. वेळेत सापडलं म्हणून थोडक्यात भागलं.

गाडी आता आठवड्यातून तीनदा जाते. आक्कांचे हप्ते अजून चालू आहेत आणि एकही चुकलेला नाही. परवा त्याच ओढ्याच्या उतारावर आम्ही गाडी थांबवली, भरल्या मालासकट, नुसत्या ब्रेकवर. मग सून हसली आणि म्हणाली, "आता नारळ फोडा."

तुमच्या गावात अशी एखादी गाडी झाडाखाली उभी असेल तर आधी तिचं नोंदणीपुस्तक शोधा आणि हातोडी घेऊन चेसिस वाजवून बघा. पुढचं काय ते गटाच्या बैठकीत ठरवा. प्रश्न असतील तर आपल्या प्रेरिकाताईंकडे लिहून द्या, पुढच्या भागात आमच्या मेस्त्रींना सोबत घेऊन उत्तरं देऊ.

तोवर सांभाळून राहा. नमस्कार.